लाल पट्टीच्या वर दोन बोटं

भानुदास वाघमारेला 'नाही' म्हणता येत नाही, हे हॉलंडमधल्या नायमेखन शहराच्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याचा पुरेपूर फायदाही उठवला होता. कुणाचा सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायचाय, कुणाच्या सासूबाईंना विमानतळावरून आणायचंय, कुणाला खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डच पत्राचा अर्थ लागत नाहीये, की फोन भानुदासला. उत्तर ठरलेलं. "हो हो, येतो की!" फोन ठेवला की तो बायकोची नजर चुकवायचा. मीरा स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "भीड ही भिकेची बहीण. कोण होतं?"

असा हा माणूस वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वाटाड्या व्हायला निघाला होता, आणि त्यासाठीच्या परीक्षेत एकदा नापासही झाला होता.

तसं त्याचं पोटापाण्याचं काम अगदी उलट. चिप बनवणाऱ्या कंपनीत त्या चिप मोडून बघणं हे त्याचं खातं. भट्टीत तापवायच्या, बर्फात गोठवायच्या, दमट कपाटात हजार तास कोंडायच्या आणि कुठली कधी मान टाकते ते लिहून ठेवायचं. चिपच्या बाबतीत भानुदास निर्दय होता. माणूस समोर आला की मात्र लोण्याचा गोळा.

बेटाचं वेड त्याला लावलं ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याने, भानुदास या देशात नवा नवा आला तेव्हा. हॉलंडच्या पार उत्तरेला, समुद्रात, स्खिरमोनिकोख नावाचं बेट आहे. नाव उच्चारताना मराठी जिभेला गाठ बसते, म्हणून आपली माणसं नुसतं 'बेट' म्हणतात. एकच गाव, पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी, आणि पूर्वेकडे गाव संपलं की पुढे मैलोन्‌मैल वाळू, खारपट गवत आणि पक्षी. त्या पूर्व टोकाला भानुदास पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा चहूकडे चिटपाखरं, म्हणजे खरोखरची पाखरंच, होती. माणूस नव्हता. नाव विचारायला नव्हता आणि आडनाव विचारायला तर नव्हताच. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं हे बघून घ्यायची त्याला शाळेपासून सवय. इथे वाऱ्याने त्याची टोपी उडवली, पण चौकशी कसलीच केली नाही. त्याला रडू आलं. सहकाऱ्याने समजूतदारपणे पलीकडे बघितलं आणि सँडविच खाल्लं.

तेव्हापासून दर वर्षी पाच-सहा वाऱ्या बेटावर. मग वाटलं, आपल्याला जे मिळालं ते चार लोकांना दाखवावं. तिथल्या वाटाड्यांच्या संघटनेत नाव घातलं. दोन वर्षं भरती-ओहोटी, पक्षी, प्रथमोपचार, नकाशा, सगळं शिकला. लेखी परीक्षेत पहिला आला. प्रत्यक्षात लोकांना घेऊन जायच्या परीक्षेत आपटला.

परीक्षेची रीत साधी होती. परीक्षक मागून चालणार, एक शब्द बोलणार नाही. गळ्यात शिट्टी. वाटाड्या चुकतोय आणि आता माणसांच्या जिवाला धोका आहे असं वाटलं की ती शिट्टी वाजवणार. शिट्टी वाजली की परीक्षा संपली. गेल्या शरद ऋतूत सात निवृत्त डच आजी-आजोबांना घेऊन भानुदास निघाला, अर्ध्या वाटेत धुकं उतरलं, आणि त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "काय करू या? तुम्हाला काय वाटतं?" आता डच माणसाला मत विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. सातही जण आळीपाळीने, मुद्देसूद, एकमेकांचा मान राखत बोलत राहिले. धुकं दाट होत गेलं. तिसऱ्या आजोबांचा दुसरा मुद्दा चालू असताना शिट्टी वाजली.

"वाटाड्या विचारत नाही," परीक्षक योके त्याला नंतर म्हणाल्या. "वाटाड्या सांगतो. अजून एकदा ये. तिसऱ्यांदा येता येत नाही, हे लक्षात ठेव."

योके सत्तरीच्या, काटक, जन्म बेटावरचा. बोलणं मोजकं आणि गाळणीतून न गाळलेलं.

पूर्णा स्टेशनजवळच्या गावाहून बाबांनी फोनवर विचारलं, "नापास कशापायी झालास?" बाबा रेल्वेत फाटकवाले होते, तेहेतीस वर्षं. भानुदासने सांगितलं, "लोकांना थांबवता आलं नाही, बाबा." मग म्हातारा म्हणाला, "अवघड असतंय ते."

दुसऱ्या परीक्षेला सप्टेंबरचा एक शनिवार मिळाला. माणसं आपली आपण जमवायची होती. नायमेखन, डेल्फ्ट आणि ब्रेड्याची मिळून दहा मराठी माणसं ठरली. धक्क्यावर आली तेरा. ब्रेड्याचा श्रीकांत, एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर, हसत हसत म्हणाला, "भानुदासराव, आई आलीये पुण्याहून तीन महिने, घरी कंटाळते. आणि हे दोघे शेजारी, शेवटच्या मिनिटाला कन्फर्म झाले. चालेल ना?"

पंधरापर्यंत परवानगी होती. भानुदास म्हणाला, "हो हो, चालेल की!" मीराने आकाशाकडे बघितलं. योकेंनी वहीत काहीतरी लिहिलं.

श्रीकांतच्या आई म्हणजे सरलाकाकू. अडुसष्ट वर्षांच्या, नऊवार नव्हे पण पाचवार साडी, त्याखाली सुनेचे स्पोर्ट्स शूज, आणि पाठीवर फुगलेली सॅक. "काकू, जड असेल, मी घेतो," भानुदास म्हणाला. "हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "आत जेवण आहे."

बोटीतून उतरून भाड्याच्या सायकली घेतल्या, रस्ता संपला तिथे लावल्या, आणि पायी निघाले. सुरुवात झकास झाली. भानुदास खडखडीत आवाजात सांगत होता, हे खाऱ्या पाण्यात वाढणारं गवत, चाखून बघा, मीठ घातलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं लागतं. तो लांब लाल चोचीचा पक्षी शिंपले फोडून खातो. ओहोटी होती. वाटेत खारपटातून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा एक ओढा लागला, तेव्हा पाणी जेमतेम घोट्याला. भानुदासने आपली काठी ओढ्याच्या काठाला रोवली. काठीवर गुडघ्याच्या उंचीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"परत येताना इथूनच यायचंय," त्याने सगळ्यांना सांगितलं. "पाणी या लाल पट्टीच्या खाली असेल तर ओलांडायचं. पट्टी बुडाली असेल तर नाही. मग बेटाच्या उत्तर किनाऱ्याच्या वाळूवरून लांबचा वळसा, दोन तास जास्त. म्हणून अडीचच्या आत इथे परत. काठी इथेच ठेवतो."

"येस सर!" श्रीकांतने सलाम ठोकला. सगळे हसले. भानुदासही हसला.

आता त्याचं वेळापत्रक बघा. चिप मोडणाऱ्या माणसाचं वेळापत्रक, मिनिटामिनिटाचं. चालणं इतकं, पक्षी बघणं इतकं, फोटो दहा मिनिटं. एकच आकडा चुकला होता, आणि तो चुकायला माणूस मराठीच असावा लागतो. जेवणापुढे त्याने लिहिलं होतं: वीस मिनिटं. डच वाटाड्यांच्या छापील कागदावरून उतरवलेलं होतं ते. डच माणूस पावाचे दोन तुकडे आणि चीज काढतो, उभ्या उभ्या खातो, सफरचंदाला पँटवर पुसतो आणि चालू लागतो. वीस मिनिटं म्हणजे त्याला चैन.

पूर्व टोकाच्या वाळूवर एक वाजता काकूंनी सॅक उघडली. आधी निघाली चादर. मग कागदी थाळ्या, मग पुरणपोळ्या, एकूण तीस, तुपाची बाटली वेगळी. कुणी थालीपीठं आणली होती, कुणी ठेचा, कुणी मटकीची उसळ. मीराने तीळ घालून केलेल्या भाकरी आणल्या होत्या आणि नवऱ्याला त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. पंगत बसली. पंगत बसली की वाढणं आलं, वाढणं आलं की आग्रह आला.

योके बाजूला उभ्या राहून आपलं सँडविच काढत होत्या. काकूंनी त्यांच्या हातातून ते सँडविच काढून घेतलं, नीट कागदात गुंडाळून त्यांच्याच खिशात परत घातलं, आणि थाळीत पुरणपोळी दिली. योकेंना परीक्षा चालू असताना बोलायची परवानगी नव्हती, त्यामुळे नकोही म्हणता येईना. पहिली पोळी त्यांनी संशयाने खाल्ली. दुसरी विचारपूर्वक. तिसरीला त्यांनी तुपासाठी स्वतःहून थाळी पुढे केली.

वीस मिनिटं झाली. भानुदास म्हणाला, "चला, आवरू या का?"

"का" म्हणाला आणि तिथेच घोटाळा झाला. "अरे बस, तू काही खाल्लंच नाहीस!" काकूंनी त्याच्या थाळीत पोळी टाकली. पस्तीस मिनिटांनी तो पुन्हा उठला, तेव्हा कुणाच्यातरी फ्लास्कमधून चहा निघाला. पन्नास मिनिटांनी ग्रुप फोटो, मग ज्याने तो काढला त्याला घेऊन पुन्हा ग्रुप फोटो. भानुदासच्या पोटात पुरण आणि भीती शेजारी शेजारी बसली होती. सगळे इतके खुशीत होते. काकू तर म्हणाल्या, तीन महिन्यांत आज पहिल्यांदा मोकळं वाटतंय. कसं उठवायचं? दोन वाजून पाच मिनिटांनी एकदाची पंगत उठली.

ओढ्यापाशी पोचायला सव्वातीन झाले. सकाळचा ओढा आता ओळखू येत नव्हता. रुंदावला होता, आणि पाणी समुद्राकडून आत येत होतं, आवाज न करता. काठी मात्र होती तिथेच. भानुदास वाकून बघायला गेला. लाल पट्टी पाण्याखाली गेली होती. फार नाही. दोन बोटं.

"दोनच बोटं आहे," श्रीकांत शेजारी येऊन म्हणाला. "बूट काढू, पँट वर करू, दोन मिनिटांचं काम. साडेचारची बोट आरामात मिळेल."

"पट्टी बुडालीये," भानुदास म्हणाला.

"अहो, पण टेक्निकली बघा ना. पलीकडचा काठ दिसतोय. पंधरा मीटर नसेल. माझं रात्री साडेआठला ब्रेड्याला डिनर आहे, क्लायंट येतोय. सगळ्यांना दोन तास चालवणार? आईला?"

"मला काही होत नाही," काकू लगेच म्हणाल्या. मागून आणखी दोघे-तिघे बोलले. एवढंसं तर पाणी आहे. हात धरून साखळी करू. लहानपणी आम्ही नदीत... एकाने तर बुटाची नाडी सोडायलाही घेतली. आणि सगळ्यांनी भानुदासकडे बघितलं, तो आता 'हो हो, चला की' म्हणेल या खात्रीने. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. तोंडाला सवयच ती.

त्याने योकेंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा. हात मात्र शिट्टीकडे गेला होता.

आणि का कुणास ठाऊक, त्याला फाटक आठवलं. तो दहा वर्षांचा असेल. बाबांना डबा द्यायला गेला होता. स्टेशनातून घंटा आली होती, बाबांनी फाटक पाडलं होतं, आणि समोर जीप येऊन थांबली. गावच्या देशमुखांची. ज्यांच्यापुढे अख्खं गाव खाली मान घालून उभं राहायचं ते देशमुख. "उघड," ते म्हणाले. "गाडीचा पत्ता नाही अजून." आणि खरंच रूळ रिकामे होते, लांबवर धूरसुद्धा नव्हता. बाबा म्हणाले, "घंटा झाली, मालक." मग शिव्या सुरू झाल्या. आईवरून, जातीवरून, बापजाद्यांवरून. तू कोण मला थांबवणारा, हे तर तीनदा. बाबांच्या हातातली हिरवी-लाल निशाणं थरथरताना भानुदासला दिसत होती. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाटत होतं, उघडावं बाबांनी, संपवावं हे. बाबांनी उघडलं नाही. चार मिनिटांनी मालगाडी धडधडत गेली, मग त्यांनी फाटक उचललं आणि मान झुकवून जीपला वाट दिली. त्या दिवशी त्यांना डबा गेला नाही.

भानुदास काठीपासून वळला.

"नाही," तो म्हणाला.

आवाज फार बारीक आला. वाऱ्याने अर्धा नेला. म्हणून त्याने परत, मोठ्याने म्हटलं. "नाही. इथून कुणीही उतरायचं नाही. मध्ये तळ चिखलाचा आहे आणि पाणी अजून चढतंय. उशीर माझ्यामुळे झाला, जेवण मी आवरायला हवं होतं, मला शिव्या द्या. पण ओढा बंद. बुटाची नाडी बांधा. वाळूवरून जायचंय."

मीरा तोंड उघडं ठेवून नवऱ्याकडे बघत होती. चोवीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा.

"दिस इज रिडिक्युलस," श्रीकांत म्हणाला. "दोन बोटांसाठी? अहो, काही कॉमन सेन्स? परत कुणी येणार नाही तुमच्याबरोबर, सांगून ठेवतो!"

भानुदासचे कान तापले. पण तो जागचा हलला नाही. ओढा आणि माणसं यांच्यामध्ये उभा राहिला, फाटकासारखा आडवा.

तेवढ्यात सरलाकाकूंनी रिकामी सॅक पाठीवर मारली. "चल रे श्रीकांत," त्या म्हणाल्या. "डबे हलके झालेत, तुझी आई चालेल. ज्याला पाणी कळतं त्याचं ऐकावं." आणि त्या वाळूच्या दिशेने चालू लागल्या. काकू निघाल्यावर कोण थांबणार? सगळे निघाले.

अर्ध्या तासाने वाळूची टेकडी चढून गेल्यावर कुणीतरी मागे वळून पाहिलं. ओढा नव्हताच. सगळ्या खारपटावर पाण्याचा एक चकचकीत पत्रा पसरला होता आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका होता.

"ते काय आहे?" काकूंनी विचारलं.

"माझी काठी," भानुदास म्हणाला. "विसरलो तिथेच. तिची मूठ आहे ती."

काठी भानुदासच्या छातीएवढी होती. श्रीकांतने ठिपक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ तो स्वतःच्या बुटांकडे बघत चालला. मैलभर गेल्यावर त्याने आईची सॅक आपल्या पाठीवर घेतली.

साडेसहाची बोट मिळाली. पाय सगळ्यांचे गेले होते, पण खालच्या मजल्यावर कुणीतरी उरलेला ठेचा काढला होता आणि हशा ऐकू येत होता. भानुदास वर, कठड्यापाशी एकटा उभा होता. तेरा माणसं दोन तास उशिरा, ठरलेली बोट चुकलेली, काठी हरवलेली. निकाल त्याने आपल्यापुरता लावून टाकला होता. तिसऱ्यांदा येता येत नाही. पुढच्या खेपेपासून पुन्हा एकट्याने यायचं, त्यात काय एवढं, असं तो मनाला समजावत होता आणि मन काही समजत नव्हतं.

योके शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वही उघडली.

"जेवण," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं धरलीस. ही तुझीच माणसं ना? मग तुला कळायला हवं होतं. यात नापास." त्यांनी पान उलटलं. "मी तीन खाल्ल्या, म्हणून थोडं कमी नापास."

"हो," भानुदास म्हणाला.

"ओढ्यापाशी शिट्टी मी हातात घेतली होती. फुंकायची वेळ आली नाही." त्यांनी वही मिटली. "ती काठी संघटनेच्या वाटेवर उभी आहे. तिथे ठेवता येणार नाही. पुढच्या शनिवारी बारा जणांचा गट आहे, त्याच ओढ्यावरून जाणारा. त्यांना घेऊन जा आणि येताना काठी आण. मी येणार नाही. मला घरी काम आहे."

भानुदासला पहिल्यांदा कळलंच नाही. मागून परीक्षक नाही म्हणजे आपण पास, हे कळलं तेव्हा योके जिना उतरून ठेच्याच्या दिशेने गेल्या होत्या.

त्याने फोन लावला. पूर्णेला दहा वाजून गेले असतील, पण पहिल्याच घंटेला उचलला गेला. म्हातारा फोन हातात घेऊनच बसला होता.

"काय झालं रे?"

"पाणी चढलं होतं, बाबा. लोक म्हणत होते, एवढंसं तर आहे, जाऊ द्या. मी नाही जाऊ दिलं."

"फाटक पाडलंस?"

"पाडलं."

"शिव्या देल्या का लोकायनं?"

"देल्या थोड्या. इंग्रजीतून."

"मंग बरोबर पाडलंस," बाबा म्हणाले. "आता जेव."